थर झाकण्याचा अधिकार

मौजा कुडवा हे गाव गोंदिया शहराला इतके लागून वसले आहे की शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले याचा निवाडा परगावच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी करता येत नाही. तो करावयाचा तर दफ्तराचा आश्रय घ्यावा लागतो. आणि दफ्तराकडे वळल्यावर प्रथम ध्यानात येते ते हे, की सबंध गाव एका दफ्तरात कोठेच नाही. सातबाराचा उतारा महसुलाकडे, हद्दीनिशाण्यांची मोजणी भूमी अभिलेखाकडे, तलावांपैकी लहान असतील ते जिल्हा परिषदेकडे आणि मोठे असतील ते पाटबंधारे खात्याकडे, झुडपी जंगलाचा प्रश्न निघालाच तर तो वन आणि महसूल या दोन खात्यांच्या मध्ये कोठे तरी, रुळांलगतची पट्टी रेल्वेकडे, आणि शहराच्या वाढीचा आराखडा नगररचनेकडे. अशी एकाच भूमीविषयीची माहिती खात्याखात्यांत वाटली गेलेली असते, आणि त्या भूमीवर राहणाऱ्या माणसाला ती एका दृष्टिक्षेपात कधीच दिसत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही गावाची, किंबहुना महाराष्ट्रातील बहुतेक गावांची, हीच कैफियत आहे. परंतु जेथे शहर शिवारात शिरत असते आणि धानाच्या बांधीशेजारी प्लॉटचे दगड रोवले जातात, तेथे या विखुरलेपणाची किंमत अधिक पडते.

संगणकाने या बाबतीत जे घडविले ते वरकरणी अगदी साधे आहे. ही सर्व माहिती अक्षांश-रेखांशांच्या एकाच चौकटीत बसवून त्याने एकावर एक थर रचले, आणि चित्राच्या कडेला त्या थरांच्या नावांची एक यादी मांडली. यादीतील प्रत्येक नावापुढे कोठे बरोबरची खूण करावयाची लहानशी चौकट असते, कोठे उघड्या डोळ्याचे चित्र असते. ते दाबले की तो थर चित्रातून नाहीसा होतो, पुन्हा दाबले की परत येतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या साधनात चौकट आहे, पॅराव्ह्यू या वैज्ञानिक चित्रणाच्या साधनात डोळा आहे. पण काम एकच. सॉफ्टवेअर रचणारे पुष्कळ जण या सोयीकडे शेवटी जोडावयाचा अलंकार म्हणून पाहतात, आणि वेळ अपुरा पडला म्हणजे प्रथम कात्री लागते ती तिलाच. माझे मत याच्या अगदी उलट आहे. माहितीचे चित्र काढणे म्हणजे काय दाखवावयाचे व काय झाकावयाचे हे ठरविणे होय. आणि छापील नकाशात जो निर्णय सर्वस्वी नकाशा करणाऱ्याच्या हाती असतो, तो या लहानशा चौकटीमुळे पाहणाऱ्याच्या हाती येतो. सत्तेचे हे हस्तांतर क्षुल्लक नव्हे, यास्तव त्याला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

थरांनी विचार करण्याची रीत काही संगणकाने जन्मास घातलेली नाही. सोळाव्या शतकात युरोपात शरीररचनेचे जे छापील तक्ते निघत, त्यांतील काहींत मानवी आकृतीवर कागदाच्या झडपा चिकटविलेल्या असत. पाहणाऱ्याने एक झडप उचलावी तो आतील इंद्रिये दिसावीत, आणखी एक उचलावी तो त्यांच्याही मागचे दिसावे. नकाशांच्या क्षेत्रात ही रीत शास्त्रशुद्ध केली ती इयान मॅकहार्ग यांनी. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात त्यांनी न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंडवरून जावयाच्या एका रस्त्याचे उदाहरण घेतले, आणि उतार, माती, पूर, वनराई, वस्ती अशा एकेका गोष्टीचा नकाशा पारदर्शक पत्र्यावर काढून, जेथे हानी अधिक संभवते तेथे गडद छटा दिली. सर्व पत्रे एकावर एक ठेवल्यावर जो भाग सर्वांत फिकट राहिला तो रस्त्यासाठी योग्य. त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन हे देशभराच्या जमिनीची माहिती संगणकात थराथरांनी साठविण्याच्या उद्योगास लागले होते, आणि आजची सारी भौगोलिक माहितीप्रणाली त्या उद्योगाची वंशज आहे. मॅकहार्ग यांच्या पद्धतीत मात्र एक उणीव होती, ती येथेच नोंदविणे इष्ट. सर्व पत्रे एकत्र पाहिल्यावर जी गडद छटा उरते ती पुरामुळे आली की वनराईमुळे, हे त्या छटेकडे पाहून सांगता येत नाही. ते जाणावयाचे तर पत्रे एकेक करून उचलून पाहावे लागतात.

पत्रे असे उचलून पाहण्याचे महत्त्व गोंदियाच्या मातीत जितके स्पष्ट होते तितके क्वचितच इतरत्र होत असेल, कारण हा तलावांचा आणि धानाचा मुलूख आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधले गेलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले तलाव येथे गावोगाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ या कागदोपत्री नावाचा लोकांनी ‘मामा तलाव’ असा सुटसुटीत संक्षेप केला. आता यांपैकी किती तलाव पाणी धरतात, किती गाळाने भरले, कोणाच्या पोटात शेती वा वस्ती शिरली, हा प्रश्न विचारला की प्रथम आठवण होते ती उपग्रहाची. युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनल-२ या मालिकेतील पहिला उपग्रह २३ जून २०१५ रोजी सुटला. त्याची छायाचित्रे कोणासही विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील सर्वांत बारीक ठिपका जमिनीवरील दहा मीटर लांब व तितक्याच रुंद चौरसाचा असतो. पाणी अवरक्त किरण शोषून घेते आणि हिरवा प्रकाश त्या मानाने अधिक परतविते. या दोहोंच्या तुलनेवरून प्रत्येक ठिपक्याला एक निर्देशांक देता येतो, आणि त्या निर्देशांकाचा निळा थर नकाशावर पसरला की पाणी कोठे आहे ते कळले असे आपण समजतो.

तथापि जुलै-ऑगस्टात रोवणीच्या दिवसांत हा थर कुडव्याच्या शिवारावर पसरून पाहिला तर काय दिसेल? परहे, म्हणजे धानाची रोपे, रोवताना प्रत्येक बांधीत पाणी उभे असते, आणि उपग्रहाला बांधीतील वीतभर पाणी आणि तलावातील पुरुषभर पाणी हे बऱ्याच अंशी सारखेच. भरीस भर म्हणून त्या दिवसांत आकाश ढगांनी व्यापलेले असते, म्हणजे मुळात छायाचित्र मिळणेच दुरापास्त. ढगांतून पलीकडे पाहणारा रडारधारी सेंटिनल-१ आहे, त्याचा पहिला उपग्रह ३ एप्रिल २०१४ रोजी गेला. परंतु रडारच्या लहरी शांत पाण्यावरून आरशासारख्या दुसरीकडे परावर्तित होतात, त्यामुळे तलावही काळा आणि पाण्याने भरलेली बांधीही काळीच. सारांश, त्या एका थरावर विसंबणाऱ्याने सबंध शिवार हाच एक विस्तीर्ण तलाव आहे असा अहवाल लिहिला तरी यंत्राने त्याला अडविले नसते.

येथे थर उघडण्या-मिटण्याची सोय कामास येते. जुलैचा थर मिटवून नोव्हेंबर अखेरचा उघडावा. हलके धान तोवर कापले गेलेले असते, बांध्या कोरड्या होऊ लागलेल्या असतात, आणि जे निळे उरते ते बहुतांशी तलावांचे. त्यावर गावनकाशाचा थर उघडावा. मध्यप्रांतातील जुने गावनकाशे मैलास सोळा इंच या प्रमाणावर काढलेले असत, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवरील ३३० फूट. आता ज्या भूमापन क्रमांकाची नोंद तलाव म्हणून आहे त्याची हद्द एकीकडे आणि प्रत्यक्ष पाण्याची कड दुसरीकडे, या दोहोंमध्ये जी कोरडी पट्टी राहिली असेल तीच चौकशीचा विषय. पण तेवढ्यावरून कोणावर अतिक्रमणाचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, कारण ती पट्टी गाळाने उघडी पडलेली असू शकेल, रीतसर दिलेली गाळपेर असू शकेल, किंवा त्या वर्षी पाऊसच ओढून राहिला असेल. म्हणून पर्जन्याचा थर उघडावा, मग मागील दहा वर्षांच्या नोव्हेंबरांचे थर एकेक उघडीत जावे, आणि ते पाहताना जुलैचा थर मिटलेलाच ठेवावा. यांतील एकही निष्कर्ष सारे थर एकदम चालू ठेवून काढता आला नसता. सर्वांनी एकाच वेळी बोलावयास आरंभ केलेल्या ग्रामसभेतून जितका ठराव निघेल तितकाच अर्थ त्या चित्रातून निघाला असता.

येथवर थर झाकण्याचा उपयोग गर्दी कमी करण्यासाठी झाला. त्याहून सूक्ष्म असा दुसरा एक उपयोग आहे, आणि तो दोन थर आलटून पालटून पाहण्याचा. अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात फ्लॅगस्टाफ येथे लोवेल वेधशाळा आहे. तेथे १९३० साली क्लाइड टॉम्बॉ हा तरुण वेधकर्ता आकाशाच्या एकाच भागाची, काही दिवसांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे एका यंत्रात ठेवून, क्षणात एक तर क्षणात दुसरे अशी डोळ्यांपुढे आणीत होता. सहस्रावधी तारे जागच्या जागी राहत. २३ आणि २९ जानेवारीच्या दोन काचांवर मात्र एक अतिशय मंद ठिपका या जागेवरून त्या जागेवर उडी मारताना त्याला १८ फेब्रुवारी रोजी दिसला, आणि प्लूटोचा शोध लागला. त्याच दोन काचा शेजारी शेजारी ठेवून निरखल्या असत्या तर तो ठिपका सापडणे जवळजवळ अशक्य होते. मानवी दृष्टी हालचाल टिपण्यात निष्णात आहे, पण स्मरणात ठेवलेले चित्र समोरच्या चित्राशी ताडून पाहण्यात ती फार दुबळी आहे. आलटून पालटून पाहण्याने कालांतराचे रूपांतर हालचालीत होते, आणि जे काम स्मरणशक्तीला झेपत नव्हते ते डोळा आपसूक करतो.

या शक्तीला एक अट आहे, आणि ती १९९७ साली रोनाल्ड रेन्सिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाली. त्यांनी किंचित बदल केलेली दोन चित्रे लोकांना आलटून पालटून दाखविली, पण दोहोंच्या मध्ये निमिषमात्र एक कोरा पडदा घातला. तेवढ्या कोऱ्या क्षणाने असा अनर्थ केला की, चित्रातील ठळक वस्तू बदललेली असूनही ती ओळखण्यास पाहणाऱ्यांना पुष्कळ वेळ लागे. कोरा क्षण काढून टाकला की तोच बदल तत्काळ नजरेत भरे. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनी हा प्रयोग मनावर कोरून ठेवावा. एक थर मिटवून दुसरा उघडताना जर पडदा अर्धा क्षण पांढरा पडला, किंवा नकाशाचे चौकोनी तुकडे एकेक करून भरू लागले, तर तुलना करण्याची सोय नावापुरती उरते. जेथे इंटरनेटचा वेग बेभरवशाचा, अशा गावात तर हे हटकून घडते. त्यावर उपाय आहे: मिटविलेल्या थराचे तयार चित्र स्मृतीत राखून ठेवावे, नवा थर पूर्ण सिद्ध होईपर्यंत जुना पडद्यावरून काढू नये, आणि या अदलाबदलीत चित्राचे स्थान वा प्रमाण यत्किंचितही हलू देऊ नये.

खगोलशास्त्राचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्रातील एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पुण्याची आयुका ही संस्था आणि तेथीलच पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांनी या शतकाच्या आरंभी ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी-इंडिया’ या संयुक्त प्रकल्पातून व्हीओप्लॉट नावाचे साधन तयार केले. खगोलीय याद्यांतील तारे, दीर्घिका व त्यांची मोजमापे आलेखाच्या रूपाने दाखविणारे हे साधन फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील जगप्रसिद्ध माहितीकेंद्राच्या सेवांशी जोडले गेले. त्या केंद्राच्या ‘अलादीन’ या आकाशदर्शक साधनात आकाशाचे दृश्य प्रकाशातील, अवरक्तातील, क्ष-किरणांतील व रेडिओ लहरींतील थर एकाच उतरंडीत ठेवता येतात. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपलेला एखाद्या रेडिओ-दीर्घिकेचा थर उघडला की, दृश्य प्रकाशात इवलासा दिसणारा धूसर ठिपका दोहों बाजूंस प्रचंड पसरलेल्या तेजोमेघांचा धनी असल्याचे दिसते. आणि तो थर मिटविला की ते सारे वैभव नाहीसे होऊन पुन्हा तो ठिपका उरतो. कुडव्याच्या तलावाचा अभ्यासक आणि दीर्घिकेचा अभ्यासक हे दोघे मुळात एकच क्रिया करीत असतात.

आता काही दोषांविषयी. सर्वांत घातक गैरसमज हा की, जो थर दिसत नाही तो हिशेबातही नाही. बहुतेक साधनांत थर मिटविणे म्हणजे त्याचे केवळ दर्शन थांबविणे. तो पुसला जात नाही, आणि क्षेत्रफळ वा अंतर काढण्याच्या पुढील गणितात त्याची निवड झालेली असेल तर तो दडून राहूनही पूर्ण भाग घेतो. एखाद्या तलावाचे क्षेत्र काढताना गाळपेरीचा थर मिटविला म्हणून गाळपेर वजा झाली असे मानणारा माणूस चुकीच्या आकड्यावर सही करून बसेल. झाकणे, गाळणे आणि पुसणे या तीन भिन्न क्रिया आहेत, त्यांना भिन्न खुणा हव्यात, आणि कोणत्याही निष्पन्न आकड्याशेजारी तो कोणत्या थरांवरून काढला हे स्पष्ट लिहिलेले हवे. याच जातीचा दुसरा दोष रंगांचा. पुष्कळ साधने प्रत्येक थरातील किमान व कमाल मूल्य पाहून रंगांची पट्टी आपोआप ताणतात. परिणामी अवर्षणाच्या वर्षीचा थर आणि अतिवृष्टीच्या वर्षीचा थर हे दोन्ही सारखेच निळेजर्द दिसतात, आणि आलटून पालटून पाहणाऱ्याला फरक नाही असा भास होतो. तुलनेसाठी उघडलेल्या थरांची रंगपट्टी एकच राहिली पाहिजे. तिसरा दोष क्रमाचा. संगणक थर खालून वर रंगवीत येतो, त्यामुळे यादीत जो वर तो चित्रातही वर, आणि उपग्रहाचे अपारदर्शक छायाचित्र चुकून वर गेले तर खालचे सर्व थर चालू असूनही दिसत नाहीत. आणि काही थर ठरावीक प्रमाणापेक्षा नकाशा लहान केला की स्वतःहून अदृश्य होतात; ते व्हावेत, पण तेव्हा यादीतील त्यांचे नाव फिकट करून कारण सांगावे, नाही तर माहितीच हरवली असे वाटून पाहणारा घाबरतो.

एका दोषाचा विचार मात्र विस्ताराने केला पाहिजे, कारण तो पडद्यावरच्या चौकटीचा नसून पायाचा आहे. थर एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत तर त्यांची उघडझाक म्हणजे निव्वळ दिशाभूल होय. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासेकडे त्रिकोणमितीय सर्वेक्षणास हात घातला आणि मोजीत मोजीत उत्तरेकडे सरकत असता जानेवारी १८२३ मध्ये त्यांना मृत्यू आला तो आपल्याच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास. त्यांच्यामागून ते काम चालविणारे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे माप ठरविले त्यावर भारताचे नकाशे दीर्घकाळ उभे राहिले. उपग्रहांचे व मोबाइलचे माप निराळे आहे. जुन्या मापावरील नकाशा रूपांतर न करता नव्या मापाच्या छायाचित्रावर ठेवला तर आपल्या भागात तो शंभर मीटरांहून अधिक सरकतो, म्हणजे एकाची बांधी दुसऱ्याच्या नावावर दिसू लागते. याहून मोठा घोटाळा पट्ट्यांचा. पृथ्वीचा पृष्ठभाग सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत विभागून सपाट कागदावर आणण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिच्यात ७८ अंश पूर्व रेखांश ही सीमारेषा असून ती महाराष्ट्राला दुभागते. पुणे, नाशिक, अमरावती ४३ व्या पट्टीत, तर नागपूर, भंडारा, गोंदिया ४४ व्या पट्टीत. ४४ व्या पट्टीतील कुडव्याचे आकडे कोणी ४३ व्या पट्टीचे म्हणून उघडले तर ते गाव सहा अंश, म्हणजे सुमारे सहाशे वीस किलोमीटर पश्चिमेकडे जाऊन थेट नंदुरबारच्या परिसरात पडते. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. शंभर मीटरांची दिसत नाही, आणि म्हणूनच ती अधिक भयंकर. शिवाय मैलास सोळा इंचांच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर दोन मीटर व्यापते, हे विसरून संगणकावर ती रेघ हवी तितकी मोठी करून तिच्यावरून कुंपणाचा तंटा सोडविणे सर्वथैव अनुचित आहे. प्रत्येक थराच्या नावाशेजारी त्याची सूक्ष्मता किती, हे लिहिण्यास कोणतीच अडचण नाही.

नावांचा प्रश्नही उपेक्षणीय नाही. थरांची यादी हीच जर अधिकाराची जागा, तर ती पाहणाऱ्याच्या भाषेत असावयास हवी. नकाशाची माहिती ठेवण्याचा अद्यापही अत्यंत प्रचलित असलेला शेपफाइल हा प्रकार गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील. त्यात माहितीच्या रकान्याला जास्तीत जास्त दहा बाइटांचे नाव देता येते, आणि आजच्या रूढ युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. हिशेब करून पाहावा: ‘तलाव’ या शब्दात काना धरून चार चिन्हे, त्यांचे बाइट बारा, म्हणजे तलावांच्या या जिल्ह्यात ‘तलाव’ हा शब्द रकान्याच्या मथळ्यात मावतच नाही. २०१४ साली प्रमाणित झालेल्या जिओपॅकेज या प्रकारात ही मर्यादा नाही, तो विनामूल्य आहे, आणि तरीही जुन्या प्रकारालाच चिकटून राहण्याचे कारण सवयीवाचून दुसरे मला दिसत नाही. यादीत इंग्रजी आद्याक्षरांची आणि आकड्यांची जुडी लावून ठेवणे म्हणजे दार उघडे ठेवून पायरी काढून घेण्यासारखे आहे.

आणि जो थर मुळात यादीतच नाही त्याचे काय? येथे प्रश्न तंत्राचा राहत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१ अन्वये निस्तारपत्रक आणि कलम १६५ अन्वये वाजिब-उल-अर्ज असे जे दोन दस्तऐवज आहेत, त्यांत गावकऱ्यांचे चराईचे, जळणाचे, वाटेचे, पाटपाण्याचे, मासेमारीचे परंपरागत हक्क नोंदविलेले असतात. ते हक्क जमिनीच्या विवक्षित तुकड्यांशी बांधलेले असल्यामुळे त्यांचा थर करता येतो. पण सातबाऱ्याचा थर ज्या तत्परतेने संगणकावर आला त्या तत्परतेने हा येत नाही, आणि नकाशावर न दिसणारा हक्क बैठकीत बोलला जात नाही. उलटपक्षी काही थर सर्वांसाठी उघडे नसणेच श्रेयस्कर. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया व लगतच्या भंडारा जिल्ह्यात तग धरून आहे. तो तलावांच्या कडेला आणि धानाच्या बांध्यांत घरटी करतो. त्या घरट्यांच्या जागांचा थर संशोधकांना आणि रक्षकांना अवश्य मिळावा, परंतु तो सार्वजनिक यादीत ठेवणे म्हणजे अंडी चोरणाऱ्याला पत्ता देणे होय. तेव्हा असा थर झाकताना तो झाकलेला आहे एवढे यादीत नमूद करावे, म्हणजे गोपनीयता आणि प्रामाणिकपणा या दोहोंचे रक्षण होते.

साधन प्रथम उघडते तेव्हा कोणते थर चालू असावेत, हाही असाच निर्णय आहे, कारण बहुसंख्य माणसे यादीला कधी हात लावीत नाहीत आणि पहिले चित्र हेच त्यांच्यासाठी सत्य ठरते. माझा कौल असा की, पहिल्या चित्रात थोडे थर असावेत, चार-पाचांहून अधिक नकोत. त्यांत लोकांच्या ओळखीच्या खुणा, म्हणजे रस्ता, तलाव, शाळा, रेल्वे, या असाव्यात. आणि ज्या संस्थेने नकाशा केला तिच्या सोयीचाच तेवढा थर चालू ठेवून प्रतिकूल थर मिटलेला ठेवण्याचा मोह कसोशीने टाळावा. नव्या वसाहतीच्या आराखड्यात प्लॉटचा थर उघडा आणि नाल्याचा थर मिटलेला, अशा नकाशात प्रत्येक रेघ खरी असूनही नकाशा खोटा असतो.

हे सारे करण्यास लागणारी साधने आज दुर्मिळ राहिलेली नाहीत. गॅरी शेरमन यांनी २००२ साली आरंभिलेले क्यूजीआयएस कोणासही फुकट मिळते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ हे नकाशास्थळ ऑगस्ट २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. आणि राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तसेच मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था ही दोन्ही नागपुरास, गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरांवर आहेत. उणीव आहे ती मागणाऱ्यांची. म्हणून कुडव्याच्या आणि कुडव्यासारख्या गावांच्या रहिवाशांना, शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीच्या सभासदांना माझी विनंती आहे. ग्रामसभेत नकाशा भिंतीवर दाखविला जाईल तेव्हा कडेची यादी दिसेल अशी ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि मिटलेले थर एकेक करून उघडावयास सांगावे. कार्यालयाकडे अर्ज करताना छापील प्रतीवर समाधान मानू नये. प्रत्येक थराची स्वतंत्र फाइल, तो कोणत्या तारखेच्या माहितीवरून केला ती तारीख आणि त्याची रेखांशांची पट्टी, या तिन्हींची मागणी त्याच अर्जात लिहावी.